‘व्यक्तिमत्त्व’ या शब्दातली वेलांटी

प्रश्न थोडक्यात असा. वय २६, मूळची सोलापूरची, इंजिनिअरिंग झालेलं, पुण्यात एका आयटी कंपनीत चार वर्षं टेस्टिंगचं काम. वडील एसटीतून निवृत्त झालेत, धाकटा भाऊ अजून शिकतोय. रात्रीचं जेवण आटोपलं की ही मुलगी देवनागरी अक्षरं काढत बसते. वह्या भरल्यात, ओळखीतल्या दोन दुकानांच्या पाट्याही करून दिल्यात. तिला टाइप डिझायनर, म्हणजे संगणकावरची अक्षरं (फाँट) बनवणारी, व्हायचंय आणि घरी स्थळं बघायला सुरुवात झालीय. ती विचारते : ‘ताई, तुम्हीही इंजिनिअर होतात आणि सोडलंत. मी सोडू का? आणि सोडलं तर मी कोण उरेन?’

ताई म्हणालीस म्हणून अगं-तुगं करते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे : या महिन्यात नको. दुसरा प्रश्न मात्र मलाही पाच-सहा वर्षं पुरला होता, त्यामुळे त्याला एका ओळीत हात घालत नाही.

मी कराडची. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक छापखाना होता. पायाने चालवायचं ट्रेडल मशीन, भिंतीला लाकडी केसा म्हणजे खणाखणांच्या पेट्या, त्यांत शिशाचे खिळे, एकेका खिळ्यावर एकेक अक्षर. लग्नसराईत तिथे रात्री उशिरापर्यंत दिवा असायचा. खिळे जुळवणारे कंपोझिटर काका एका हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, धरून दुसऱ्या हाताने न बघता खिळे उचलायचे आणि मी उंबऱ्यात बसून बघायचे. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. त्यामुळे मला सातव्या-आठव्या वर्षीच उलटा ‘क’ आणि उलटा ‘फ’ पटकन ओळखता यायचे, आणि शाळेत त्याचा काही उपयोग नव्हता. एकदा काकांनी झिजलेला ‘ळ’ मला देऊन टाकला. तो अजून माझ्या टेबलावर आहे.

पुढे तुझ्यासारखंच झालं. गणित चांगलं, म्हणून इंजिनिअरिंग. २००१ साली पदवी, पुण्यात नोकरी, आठ वर्षं बँकांसाठीचं सॉफ्टवेअर. ती नोकरी वाईट नव्हती, हे मुद्दाम सांगते. माणसं चांगली होती, पगार वेळेवर व्हायचा आणि कामात डोकं लागायचं. वाट सोडल्याच्या गोष्टी सांगताना लोक सोडलेली जागा काळी रंगवतात. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं, आपल्याला ऑफिसात रडू येत नाही म्हणजे आपली ओढ खोटीच असणार. तसं काही नसतं. तुझ्या पत्रात तू तीनदा लिहिलंयस की ऑफिसचा तुला कंटाळा नाही आणि त्याचीच तुला अपराधी जाणीव होते. ती जाणीव सोडून दे. चांगल्या नोकरीतूनही माणूस उठून दुसरीकडे जाऊ शकतो. फक्त मग त्याला रागाच्या जोरावर जाता येत नाही, विचार करून जावं लागतं.

आता कामाबद्दल. यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण तू पाठवलेले फोटो पाहिले. एकेक अक्षर सुरेख आहे. ‘अ’ची वळणं तर मला फार आवडली. पण वहीभर सुटी अक्षरं आहेत किंवा मोठ्या आकारातले दोन-तीन शब्द. ते लेटरिंग झालं. टाइप डिझाइन म्हणजे तू झोपलेली असताना, तुला न विचारता, अनोळखी माणूस कुठलाही शब्द टाइप करील आणि तो नीट दिसला पाहिजे. फरक एवढाच आहे, पण सगळं कष्टाचं काम या फरकात भरलेलं आहे.

युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत, देवनागरीच्या मूळ तक्त्याला १२८ जागा आहेत. नवख्या माणसाला वाटतं, सव्वाशे आकार काढले की झाला फाँट. मराठी आणि संस्कृत दोन्ही नीट चालवायचं तर जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, रफार, उकार लागलेली रूपं धरून सातशे-आठशे ग्लिफ, म्हणजे सुटे आकार, सहज होतात, आणि जाडीचे पाच-सहा प्रकार करायचे तर तितक्या पट.

त्यातली एकच गोष्ट घे, ऱ्हस्व वेलांटी. ‘कि’ लिहिताना वेलांटी डावीकडे उभी राहते आणि तिची कमान ‘क’च्या दांड्यापर्यंत यावी लागते. ‘व्यक्तिमत्त्व’ हा शब्द घे. इथे वेलांटीला अर्धा ‘क’ ओलांडून ‘त’च्या कान्यापर्यंत पोचायचंय. ‘कि’ची कमान इथे लावलीस तर ती मधेच तुटल्यासारखी दिसते. ‘क्ति’ची कमान ‘रि’ला लावलीस तर ती शेजारच्या अक्षरावर जाऊन आदळते. म्हणून एकाच वेलांटीची वेगवेगळ्या रुंदीची रूपं करायची आणि कुठल्या अक्षरसमूहापुढे कुठलं यावं याचे नियम फाँटच्या आत लिहायचे. माझ्या पहिल्या पूर्ण फाँटमध्ये अशा १४ वेलांट्या होत्या. चौदाही हाताने काढल्या आणि त्यातल्या सहा दुसऱ्या दिवशी चुकीच्या वाटल्या.

किंवा ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’. पहिले गुरू, दुसरे स्वयंपाकी. हा फरक मराठीत रोज लागतो : दर्या आणि दऱ्या, दुसऱ्या, वाऱ्यावर, तऱ्हा. हिंदीला हा डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा ‘र’ लागत नाही, म्हणून फक्त हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या फाँटांत तो कधी ओबडधोबड असतो, कधी तुटतो. तीच कथा पाकळीच्या ‘ल’ची आणि देठाच्या ‘श’ची. २००९च्या शासन निर्णयात मराठीसाठी ही रूपं ठरवून दिली आहेत, पण फाँटमध्ये भाषेनुसार रूप बदलण्याचा नियम कुणीतरी बसून लिहिल्याशिवाय ती पडद्यावर येत नाहीत. ५, ८ आणि ९ या आकड्यांचीही मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत.

आणि सगळ्यात जास्त वेळ खाते ती दोन अक्षरांमधली मोकळी जागा. ‘ग’, ‘ण’, ‘श’ यांचा काना सुटा उभा असतो. तो पुढच्या अक्षराच्या फार जवळ गेला की डोळा त्याला त्या अक्षराचा समजतो आणि फार लांब ठेवला की शब्द फाटतो. मी एका ज्येष्ठ डिझायनरांकडे माझं पहिलं काम घेऊन गेले होते. त्यांनी दहा मिनिटं पान बघितलं आणि म्हणाले, ‘अक्षरं चांगली आहेत, पण मला वाचवत नाहीये.’ घरी येऊन मी पुन्हा पुन्हा तेच पान पाहिलं. त्यांचं खरं होतं. मी अक्षरांत गुंतले होते आणि मधली जागा आपोआप होईल असं धरून चालले होते. पुढचे चार महिने एकही नवीन अक्षर न काढता फक्त जागा बदलत बसले.

हे सगळं सांगायचं कारण असं. ‘माझी आवड खरी आहे का’ हे कळायला लोक मनात डोकावून बघतात. मनात बघून ते कळत नाही, कारण मनात पाट्या, प्रदर्शनं आणि कौतुक दिसतं. ते चार महिने आठवून मी सांगू शकते की मला त्या काळात रोज सकाळी उठून ते पान छापून बघावंसं वाटायचं. दमायचे, चिडायचे, पण बघायचं टाळलं नाही. तू अजून त्या भागापर्यंत पोचलेलीच नाहीस, म्हणून राजीनाम्याचा प्रश्न आज विचारण्यात अर्थ नाही. आधी तिथवर जा, नोकरी करता करता. फाँटफोर्ज हे फाँट बनवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, तेवढं सुरुवातीला पुरे. पूर्ण वर्णमालेच्या मागे लागू नकोस. ‘व्यक्तिमत्त्व’, ‘आचाऱ्यांना’, ‘निमंत्रित’, ‘उद्ध्वस्त’, ‘शृंगार’, ‘ब्राह्मणी’, ‘गणेश’ एवढे शब्द बनतील इतकीच अक्षरं घे आणि ती दहा पॉइंटला, म्हणजे पुस्तकातल्या मजकुराएवढ्या आकारात, छापून वाचली गेली पाहिजेत असं ठरव. तीन महिने लागतील. लागू देत.

दुसऱ्या प्रश्नाकडे येते.

नोकरी सोडली तेव्हा मी ३० वर्षांची होते. त्यानंतर मी ज्या लोकांत वावरायला लागले ते बहुतेक कलाशाळांमधून आलेले होते. त्यांचा हात तयार, बोरू धरायची सवय विशीच्या आतली, बोलण्यात शाईचे आणि कागदाचे संदर्भ. मी बोरूचा तिरपा काप कसा द्यायचा ते तिशीत शिकत होते. मला इतकं उघडं पडल्यासारखं वाटायचं की मी इंजिनिअर आहे हे सांगायचंच बंद केलं. कुणी विचारलं तर ‘आधी दुसरं काहीतरी करत होते’ एवढंच. जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणींना भेटले की उलट, तिथे मी अक्षरांचं नाव काढायचे नाही, ‘फ्रीलान्सिंग चालू आहे’ म्हणून विषय बदलायचे. दोन्हीकडे अर्धी. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, बाईने धाडस केलं आणि स्वतःच्या मनासारखं जगतेय. प्रत्यक्षात नोकरीत होते त्यापेक्षा जास्त लपून जगत होते.

ते सुटलं वेलांटीमुळे. एका मोठ्या फाँटवर आम्ही तिघं काम करत होतो. जाडीचे सहा प्रकार, प्रत्येकात वेलांटीची रूपं, आणि प्रत्येक अक्षरसमूहाची रुंदी वेगळी. हाताने जुळवणं चालू होतं आणि एक अक्षर थोडं बदललं की सगळं पुन्हा. तिसऱ्या आठवड्यात मला राहवलं नाही. रात्री बसून पायथॉन या संगणकाच्या भाषेत एक छोटी स्क्रिप्ट लिहिली : प्रत्येक जोडाक्षराच्या डाव्या कडेपासून शेवटच्या दांड्यापर्यंतचं अंतर मोजायचं, अंतरांचे गट पाडायचे, प्रत्येक गटाला एक वेलांटी, आणि नियमांची यादी आपोआप तयार. बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये मी याहून अवघड गोष्टी केल्या होत्या. सकाळी दाखवताना मला लाज वाटत होती, जणू चोरून कॉपी केली असावी. सोबतच्या दोघांनी ती चालवून बघितली आणि त्यातला एक, ज्याच्या हाताचा मला सतत हेवा वाटायचा, म्हणाला, ‘हे तुला येत होतं आणि तू तीन आठवडे गप्प बसलीस?’

त्याच्या आवाजात खरा राग होता, आणि त्या रागाने माझं भलं केलं. त्यानंतर मी दोन्ही गोष्टी एका वाक्यात सांगायला लागले. आज माझ्या कामातला साधारण निम्मा भाग अक्षरं काढण्याचा आहे आणि निम्मा फाँट इंजिनिअरिंगचा : नियम, तपासणी, वेगवेगळ्या यंत्रांवर अक्षर तुटत नाही ना ते बघणं. हाताने माझ्याहून चांगली अक्षरं काढणारे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. दोन्ही टोकं धरणारे कमी आहेत, म्हणून मला काम मिळतं.

तेव्हा ‘मी कोण उरेन’ या प्रश्नात ‘उरेन’ या शब्दाशीच माझं भांडण आहे. काहीतरी वजा होणार असं तू धरून चाललीयस. तू चार वर्षं टेस्टिंग केलंयस. चुकीची जागा हुडकायची, ती पुन्हा घडवून दाखवायची, नीट शब्दांत नोंदवायची, हे तुझ्या बोटांत आहे. मराठी फाँटांना नेमकी याच माणसांची वानवा आहे. ‘मुक्ता’सारखे फाँट मुक्त परवान्याचे आहेत, त्यांच्या फाइली गिटहब या संकेतस्थळावर उघड्या आहेत आणि कुणीही तिथे चूक नोंदवू शकतं. पुढच्या दोन महिन्यांत असे तीन मुक्त देवनागरी फाँट घे, मराठीतली सगळी अवघड जोडाक्षरं त्यांच्यावर चालव, जिथे तुटेल तिथे पडद्याचं चित्र आणि कारण लिहून नोंद कर. पैसे मिळणार नाहीत. पण या क्षेत्रातली माणसं थोडी आहेत आणि नीट केलेली नोंद त्यांच्या लक्षात राहते. मला माझं पहिलं फाँट इंजिनिअरिंगचं काम अशाच एका नोंदीवरून मिळालं. टेस्टर म्हणून या जगात शिर. दाराशी चपला काढाव्यात तसं आधीचं आयुष्य काढून ठेवायची गरज नाही.

या धंद्यात सरळ वाटेने आलेली माणसं पहिल्यापासूनच कमी. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ साली पंचांग छापलं, त्याआधी ते मिशनच्या छापखान्यात काम करत होते आणि तिथे बघून बघून शिकले होते. निर्णयसागर छापखाना १८६९ साली काढणारे जावजी दादाजी लहान वयात टाइप घासायच्या कामाला लागले होते. पुढे निर्णयसागरचा खिळा हा देवनागरीचा मानदंड झाला. र. कृ. जोशी कवी होते, सुलेखनकार होते, जाहिरात क्षेत्रात कलादिग्दर्शक होते, मग आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवायला गेले आणि पुढे त्यांनी विंडोजसाठी ‘मंगल’ हा देवनागरी फाँट केला. सरकारी कचेऱ्यांत आणि टायपिंगच्या परीक्षांत ‘मंगल’ हे नाव जिभेवर असलेल्या किती जणांना माहीत असेल की तो एका कवीने केलाय? त्यांनी कविता बाजूला ठेवून मग संगणक हातात घेतला नव्हता. अक्षर, आवाज आणि यंत्र हे सगळं ते एकत्रच बोलायचे.

पैशांचं बोलू. हे मला बाबांनी शिकवलं. मी घरी सांगितलं तेव्हा आई गप्प झाली, मोठ्या काकांनी ‘हे छंद म्हणून ठीक आहे’ सुरू केलं. बाबा जिल्हा परिषदेत लेखा विभागात होते. ते काही बोलले नाहीत, कालनिर्णयचं जुनं पान उलटं करून त्यावर दोन रकाने आखले. म्हणाले, ‘महिन्याचा खर्च सांग. खरा सांग.’ कोथरूडला दोघींत भाड्याची खोली, जेवण, प्रवास, विमा असे १४ हजार निघाले. २०१० सालची गोष्ट आहे. शिल्लक होती ६ लाख ४० हजार. त्यांनी त्यातले २ लाख आजारपणासाठी बाजूला काढायला लावले, एक लाख संगणक आणि शिकण्यासाठी, आणि उरलेल्याला १४ने भागलं. चोवीस महिने आले. म्हणाले, ‘दीड वर्षाचा हिशेब धर. सहा महिने वर ठेव, कारण कामाचे पैसे उशिरा येतात.’ अगदी तसंच झालं. पहिल्या वर्षी मी ९२ हजार कमावले, दुसऱ्या वर्षी २ लाख १० हजार. एका प्रकाशनाने सात मुखपृष्ठं करून घेतली आणि चारांचे पैसे कधीच दिले नाहीत. जुन्या पगाराइतकी मिळकत व्हायला सहावं वर्ष उजाडलं, आणि तोवर माझ्यासोबतचे लोक कुठल्या कुठे पोचले होते. हे आकडे तुला घाबरवायला देत नाही. तुझ्या घरी हिशेब मांडशील तेव्हा कुणीतरी एकाचे खरे आकडे समोर असावेत म्हणून देते.

तुझ्या बाबतीत भावाची फी हा वेगळा रकाना आहे. ती तू भरतेस का, हे पत्रात लिहिलेलं नाहीस. भरत असशील तर त्याचं शिक्षण संपेपर्यंत नोकरी सोडू नकोस, असं मी स्पष्ट सांगेन. दोन वर्षांनी तू २८ वर्षांची असशील. मी सुरुवात केली तेव्हा ३० होते. आणखी एक : काही माणसं नोकरी कधीच सोडत नाहीत आणि उत्तम काम करतात. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ बँकेत आहेत, रोज पहाटे दीड तास अक्षरांचं काम करतात, सात वर्षांत एक फाँट पूर्ण केला आणि तो माझ्या कुठल्याही फाँटपेक्षा सरस आहे. ते स्वतःला हौशी म्हणवत नाहीत, मीही म्हणत नाही. पूर्णवेळ केलं तरच ते आपलं खरं काम, हा हट्ट तू धरू नयेस. आणि तुझं नेमणूकपत्र काढून वाच. बाहेरचं काम घ्यायला मनाई असल्याचं कलम बहुतेक कंपन्यांच्या पत्रात असतं. पैसे घेऊन पाट्या करत असशील तर आधी ते बघ.

शिकण्याच्या वाटा थोडक्यात. आयडीसीच्या एम.डेस.ला, म्हणजे डिझाइनच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, सीड ही प्रवेशपरीक्षा देऊन जाता येतं आणि इंजिनिअरांना ती वाट मोकळी आहे. इंग्लंडमध्ये रेडिंग विद्यापीठात टाइपफेस डिझाइनचा एक वर्षाचा एम.ए. १९९९पासून आहे, उत्तम आहे, पण शिष्यवृत्तीशिवाय त्याचा विचार करू नकोस. मी यातलं काहीच केलं नाही. दोन वर्षं एका ज्येष्ठांच्या हाताखाली बसले, पहिले आठ महिने फक्त त्यांचे ग्लिफ साफ करत होते. तुझ्या स्वभावाला हीच वाट जमेल असं मला पत्रावरून वाटतं, पण सीडचा अर्ज भरून ठेवायला हरकत नाही.

घरचं. माझे बाबा नोकरी सुटल्यावरही दोन वर्षं लोकांना ‘मुलगी सॉफ्टवेअरमध्ये आहे’ असं सांगायचे. मला ते फार लागलं होतं. त्यांना माझी लाज वाटते, असंच मी धरलं. एकदा लग्नाच्या पंगतीत कुणीतरी त्यांना विचारलं आणि मी शेजारीच होते. ते माझ्याकडे बघायला लागले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांच्याकडे शब्दच नाही. ‘टाइप डिझायनर’ म्हटलं तर लोक म्हणतात, टायपिंग करते का? मी तिथे पंगतीतच म्हणाले, ‘मोबाईलवर मराठी अक्षरं दिसतात ना, ती कुणीतरी बसून काढलेली असतात. मी ती काढते.’ त्या गृहस्थांनी खिशातून फोन काढून अक्षरं बघितली. त्यानंतर बाबा हेच वाक्य वापरायला लागले, आणि पुढे त्यात स्वतःची भर घालायला लागले : ‘जोडाक्षरांचं काम फार किचकट असतं.’ तुझ्या आईला शेजारणींपुढे, मामांपुढे, स्थळ आणणाऱ्या काकूंपुढे म्हणता येईल असं एक वाक्य तयार करून दे. पटवून देण्याआधी हे कर. घरचे लोक विरोध करतात त्यातला बराचसा भाग चारचौघांत काय सांगायचं या अडचणीतून आलेला असतो.

स्थळांबद्दल एवढंच सांगेन की कुणाला भेटलीस तर पहिल्याच भेटीत दोन्ही सांग : टेस्टिंग आणि अक्षरं. लपवून ठरवलेलं लग्न पुढे रोज लपवत जगावं लागतं.

तू शेवटी विचारलंयस, मराठी फाँटांना खरंच गरज आहे का, की सगळं करून झालंय. २०२३च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानांना मराठी पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली. त्यानंतर दादरपासून अंधेरीपर्यंत पाट्या बघत मी पायी हिंडले होते. मराठी आली, आनंद झाला. पण सराफाचं दुकान, दवाखाना आणि वडापावची गाडी, सगळ्यांवर तेच चार-पाच फाँट, ताणून रुंद केलेले, शिरोरेषा जाड आणि काने बारीक. इंग्रजीला प्रत्येक दुकानाचा स्वभाव होता आणि मराठीला एकच आवाज. मला तेव्हा फार वाईट वाटलं आणि त्याच संध्याकाळी नवीन काम सुरू केलं. ते अजून चालू आहे. त्याला तपासायला माणूस लागणारच आहे.

तेव्हा वर दिलेले सात शब्द कर. दहा पॉइंटला, साध्या ए-फोर कागदावर, काळ्या शाईत, एकाखाली एक असे प्रत्येकी वीस वेळा छाप. कागद हातभर अंतरावर धरून आईला मोठ्याने वाचायला सांग. त्या कुठे अडखळतात तिथे पेन्सिलीने खूण कर, त्यांना कारण विचारू नकोस. खुणांसकट पान मला टपालाने पाठव, फोटो नको. फोटोत मधली जागा कळत नाही.